हातचं राखून

शिडीला माणसं आवडत नसत. ही तिची निंदा नव्हे. ती स्वतःच हे सांगायची, आणि एखादी चांगली सवय सांगावी तसं सांगायची. लोक ढिले असतात, बडबडे असतात आणि दुसऱ्याच्या कष्टावर मिशीला तूप लावून हिंडतात, असं तिचं ठाम मत होतं. त्यातल्या त्यात बरा माणूस कोणता, असं कोणी विचारलं तर ती जरा विचार करून म्हणायची, "झोपलेला."

शिडी हे नाव शाळेत पडलं, कारण ती वाढायची थांबेचना. वडील लवकर गेलेले. आई शाळांचे गणवेश शिवून घर चालवायची. गावभरच्या पोरांना मापात बसवणारी ही बाई स्वतःच्या मुलीपुढे मात्र हात टेकायची. दरवर्षी नवा गणवेश कुठून आणणार? म्हणून जुन्याच्याच बाहीला पट्टी जोडायची, पुढच्या वर्षी पट्टीला पट्टी. शेवटी त्या बाह्यांवर इतके जोड झाले की वर्गातल्या मुली ते बोट लावून मोजायच्या. शिडी त्यांच्याकडे वरून बघायची. उंचीचा हा एक फायदा तिला फार लवकर कळला होता: कोणाकडेही बघितलं तरी ते वरूनच बघणं होतं.

तिला पाण्यावर नेलं ते कोचने. कोच म्हणजे बुटका, छातीपेक्षा पोट पुढे असलेला आणि गळ्यात कायम शिट्टी असलेला माणूस. गावाबाहेरच्या तलावावर बोटींचा क्लब होता, तिथे तो मुलामुलींना वल्हवायला शिकवायचा. क्लबचे बनियन शिवायला म्हणून तो आईच्या दुकानात आला आणि त्याने पाहिलं, की एक मुलगी स्टुलाशिवाय सर्वांत वरच्या फळीवरचा दोऱ्यांचा डबा काढतेय.

"ही कोण?" त्याने विचारलं.

"मुलगी माझी."

"वल्हं मारेल का?"

"तिलाच विचारा बाबा," आई दात लावून दोरा तोडत म्हणाली. "घरात तरी इकडची काडी तिकडे करत नाही."

शिडी गेली, ती मुख्यतः कोचची फजिती बघायला. कारण पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आलं, की पोरांना पाण्यात ढकलून स्वतः मोटारबोटीतून मागे मागे ओरडत येणारा हा गृहस्थ कधीच लाइफ जॅकेट काढत नाही. त्याला पोहताच येत नव्हतं! उंटावरून शेळ्या हाकणारे तिने पुष्कळ पाहिले होते, बोटीवरून हाकणारा हा पहिलाच.

पण वल्हवणं तिला आवडलं. सरकती बैठक, पाय बुटात बांधलेले, हातात आपल्या उंचीच्या दुप्पट वल्हं, आणि मुख्य म्हणजे जायचं जिकडे तिकडे पाठ करून बसायचं. बोट पुढे जाते ती पाठीच्या दिशेने. आपण बसलेले असतो मागे सुटत चाललेल्या किनाऱ्याकडे तोंड करून. जगाकडे पाठ फिरवून पुढे जाता येतं आणि वर त्याला खेळ म्हणतात, हे कळल्यावर शिडीला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की कोणीतरी आपला विचार करून काहीतरी बनवलंय.

दोन-तीन वर्षांत तिच्या तळहातांना सुताराच्या हातांसारखे घट्टे पडले. क्लबमधल्या पोरी एकेक करून तिच्या मागे पडल्या, आणि मग कोचने तिची जोडी लावली महाराणीशी.

महाराणी हे नाव शिडीनेच ठेवलेलं, मनातल्या मनात. ती मुलगी गाडीतून यायची. तिच्या पिशवीत टॉवेलाची घडी असायची, आणि तो टॉवेल वापरल्यावरही पुन्हा घडी होऊनच पिशवीत जायचा. केसांना चाप, नखं कापलेली, आवाज कधी चढलेला नाही. कोणी शिवी दिली तरी ही "अच्छा" म्हणेल, असं शिडीला वाटायचं. शिडीच्या मते अशा माणसांमध्ये ताकद नसते, फक्त घडी असते.

आणि ते सिद्धही झालं. क्लबच्या मागच्या खोलीत व्यायामाचं रोइंग मशीन होतं. त्यावर बसून ओढलं की काट्यावर जोर दिसायचा. दोघींनी ओढलं. शिडीचा आकडा जास्त आला. फरक चिमूटभर होता, पण होता. शिडीने टॉवेल न घेता हातानेच घाम पुसला आणि कोचकडे पाहिलं.

"छान," कोच म्हणाला. "महाराणी... आपलं, ती पुढे बसेल. तू मागे."

हो, मनातलं नाव एकदा शिडीच्या तोंडून सुटलं आणि एव्हाना क्लबभर झालं होतं.

"मागे? जोर माझा जास्त आहे, सर."

"जोर तुझा. ताल तिचा. पुढची ताल देते, मागची तो उचलते. शिवाय सुकाणू मागचीकडे, आणि मान वळवून रस्ता बघायचा तोही मागचीने. डोकं लागतं त्याला." हे शेवटचं वाक्य त्याने लाडू पुढे करावा तसं पुढे केलं. शिडीने लाडू ओळखला.

त्या बोटीत दोघींकडे एकेकच वल्हं. पुढचीचं एका बाजूला, मागचीचं दुसऱ्या. सुकाणूची तार मागचीच्या बुटाला बांधलेली. पाय वळवला की बोट वळायची. पण सुकाणू पाण्यात आडवं गेलं की बोटीचा वेग खातं, म्हणून शहाणी माणसं ते होता होईतो हलवत नाहीत. बोट सरळ ठेवायची ती हातांनी. दोन्हीकडचा जोर सारखा, तर बोट सरळ. एकीचा जास्त झाला, की बोट दुसरीच्या बाजूला फिरली.

पहिल्याच दिवशी बोट फिरली, महाराणीच्या बाजूला. कोच मोटारबोटीतून ओरडला, "शिडी, राख! हात राख जरा!"

शिडीने हात राखला. बोट बाणासारखी सरळ गेली. काठावर आल्यावर तिने कोचला गाठलं.

"म्हणजे तिला जमत नाही म्हणून मी कमी ओढायचं?"

"बोट सरळ गेली ना?" कोच शिट्टी पुसत म्हणाला. "मग कोण किती ओढतं ते मला नको सांगूस. पाण्याला पण नको सांगूस."

महाराणीला मात्र सांगायला कोणाची मनाई नव्हती. दोन शब्दांचं काम होतं. पण शिडीने नाही सांगितलं. ज्याला स्वतःहून कळत नाही त्याला सांगून काय कळणार, पालथ्या घड्यावर पाणी! आणि खरं तर तिला ते सांगायचंच नव्हतं. समोर बसलेल्या बाईला आपण रोज थोडी भीक घालतोय आणि तिला त्याचा पत्ता नाही, यात एक गोडी होती. ती गोडी शिडीने आठ वर्षं चाखली.

त्या आठ वर्षांत त्या दोघी कुठे कुठे गेल्या! विमानं, बसगाड्या, स्पर्धकांच्या खोल्या, कुठल्या कुठल्या देशांतले तलाव. लोक विचारायचे, काय काय पाहिलंस गं जगात? शिडी म्हणायची, "मान." आणि खोटं नव्हतं ते. जगभर तिला एकच गोष्ट दिसली, महाराणीची मान. उन्हाने सोलवटलेली, डाव्या बाजूला एक तीळ असलेली, चापातून कधीही केस न सुटलेली मान. जगातलं सर्वांत सुंदर पाणी जरी आलं तरी ते त्या मानेच्या दोन्ही बाजूंनी थोडं थोडं दिसायचं.

बोलणं म्हणाल तर नाहीच. बोटीत "चल" आणि "सोड" एवढंच. खोलीत "मोजे वाळले का", "दिवा घालवू का". एका खोलीत झोपून, एका डब्यातली उकडलेली अंडी खाऊन या दोन बायांनी एकमेकींना कधी काही विचारलं नाही. महाराणीला भीड वाटायची आणि शिडीला कमीपणा.

दरवर्षी मशीनवर चाचणी व्हायची, आणि दरवर्षी फरक तोच, चिमूटभर. पाण्यात मात्र तो मूठभर असायचा. शर्यत संपत आली की बोट महाराणीकडे जास्तच फिरायला बघायची आणि शिडीला हात आणखी मऊ करावा लागायचा. मशीनवर चिमूट आणि पाण्यात मूठ, असं कसं, हा प्रश्न कोणालाही पडला असता. शिडीला नाही पडला. तिच्याकडे उत्तर आधीच तयार होतं: शेवटी शेवटी महाराणी गळपटते. घडीची माणसं, दुसरं काय.

तरीही त्या जिंकत होत्या. आधी कांस्य, मग एकदा रौप्य, मग पुन्हा रौप्य. वर्तमानपत्रात फोटो आला तेव्हा आईने तो दुकानात शिलाई मशीनच्या वर चिकटवला, आणि चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"यात तू कुठायस गं?"

"ही काय." शिडीने बोट ठेवलं. "हा कान माझा."

फोटो समोरून काढलेला. महाराणीचा चेहरा अख्खा, आणि तिच्यामागून शिडीचा एक कान. दादा, म्हणजे शिडीचा मोठा भाऊ, चष्म्याच्या दुकानात कामाला होता. इतरांना दिसावं म्हणून काचा घासणारा. तो जेवता जेवता म्हणाला, "नावही तिचंच आधी छापलंय की."

"बोटीचं टोक माझ्या बाजूला असतं," शिडी म्हणाली. "शर्यतीची रेघ प्रत्येक वेळी तिच्याआधी मी ओलांडते. कळलं?"

"मग तसं छापायला सांग ना त्यांना."

आई म्हणाली, "कान छान आलाय." त्यावर शिडी ताटावरून उठली.

चार वर्षांनी एकदा येणारी सर्वांत मोठी स्पर्धा जवळ आली. त्यात जायचं नक्की झालं तेव्हा गावाने सत्कार ठेवला. सभागृहात खुर्च्या, पुढे पडदा, आणि मंचावर एक साहेब. साहेबांनी गावाचं नाव उज्ज्वल करणाऱ्या या दोन जलतरणपटूंचं तोंड भरून कौतुक केलं आणि दोघींना पोहण्याचे चष्मे भेट दिले. महाराणीने "थँक यू" म्हणून ते घेतले. शिडीने तिथेच ते डोळ्यांवर चढवले आणि सबंध भाषण त्यातून ऐकलं. साहेबांना वाटलं, पोरीला भेट आवडली.

मग कोणीतरी महाराणीच्या हातात माइक दिला आणि विचारलं, "ताई, ती शेवटची काही मिनिटं कशी जातात?"

महाराणीने थोडा विचार केला. "शेवटी थोडं सांभाळून घ्यावं लागतं," ती म्हणाली. "पण आम्ही दोघी निभावून नेतो."

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. शिडीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. सांभाळून घ्यावं लागतं? कोणी, कोणाला? आठ वर्षं जिने हिला लेकरासारखं सांभाळलं ती इथे पोहण्याचे चष्मे लावून बसलीय, आणि ही माइकवर सांगतेय, सांभाळून घ्यावं लागतं! कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, तसं. त्या रात्री शिडीने पिशवी भरता भरता ठरवलं. काय ठरवलं ते तिने स्वतःलाही नीट शब्दांत सांगितलं नाही, पण ठरलं.

अंतिम फेरी. सहा बोटी, मधे पिवळ्या गोळ्यांच्या माळा टाकून आखलेले रस्ते, वारा नाही, पाणी तेलासारखं. निम्मं अंतर गेलं तेव्हा त्या तिसऱ्या होत्या आणि पुढची बोट हाताच्या अंतरावर होती. कांस्य खिशात होतं, रौप्य हाताला लागत होतं. शिडीने मान वळवून रस्ता पाहिला. मग समोर पाहिलं, तर तीच मान, तोच तीळ, तोच चाप. आणि नेहमीसारखी बोट महाराणीच्या बाजूला कलायला लागली. म्हणजे बाईसाहेब गळपटल्या. म्हणजे आता शिडीने हात राखायचा.

नाही राखला. बघ आता, असं म्हणून तिने ओढलं. आठ वर्षं राखलेलं सगळं एकदम ओढलं. पाठीत, मांड्यांत, पोटात जे जे होतं ते वल्ह्यावर टाकलं, आणि खरं सांगायचं तर आयुष्यात इतकं सुख तिला कधी झालं नव्हतं. सगळ्या जगाला दिसू दे कोणाचं बळ आहे!

जगाला दिसलं ते असं, की बोटीचं टोक फिरलं आणि बोट तिरकी जाऊन माळेवर आपटली. महाराणीचं वल्हं एका पिवळ्या गोळ्यात अडकलं. शिडीने पाय वळवून सुकाणू आडवं केलं, बोट सरळ झाली, पण वेग खाऊन. शेजारची बोट शांतपणे पुढे निघून गेली. चौथा नंबर. चौथ्याला पदक नसतं. त्याला फक्त "थोडक्यात हुकलं" असं म्हणणारे नातेवाईक असतात.

काठावर शिडी म्हणाली, "सुकाणूत शेवाळ अडकलं." कोणी वाकून पाहिलं नाही. सगळे महाराणीकडे गेले होते, आणि महाराणी पुढे धरलेल्या माइकमध्ये तिच्या त्या न चढणाऱ्या आवाजात सांगत होती, "चूक माझी आहे. शेवटी माझाच अंदाज चुकला."

हे ऐकून शिडीला शरम वाटायला हवी होती. वाटला तो संताप. चूकसुद्धा हिलाच हवी! पदक पुढच्या सीटला, फोटो पुढच्या सीटला, आता माझी चूकही पुढच्या सीटला. मोठेपणाची एवढी हाव? तिने बूट सोडले आणि पाठ फिरवून निघून गेली.

महाराणीने त्यानंतर वल्हं हातात घेतलं नाही. लग्न झालं, दुसऱ्या गावी गेली, असं कळलं. कोच शिडीला म्हणाला, "आता एकटीची बोट घे. तिथे हात राखायला कोणी नाही."

एकटीच्या बोटीत दोन्ही वल्ही आपलीच. शिडीने दोन्ही हातांनी जीव खाऊन ओढलं. पहिल्या टप्प्यात ती सगळ्यांच्या पुढे असायची, बघणारे उठून उभे राहायचे. मग दम तुटायचा, वल्ही वेडीवाकडी पडायची, आणि ज्यांची नावं तिने कधी लक्षात ठेवायचे कष्ट घेतले नव्हते त्या पोरी एकेक करून तिला मागे टाकायच्या. कधी वारा वाईट होता, कधी बोट जड होती, कधी कोचने आदल्या दिवशी जास्त पळवलं होतं. अंगण रोज वेगळ्या बाजूला वाकडं असायचं. ताल नावाची काही वस्तू असते आणि ती इतकी वर्षं आपल्याला समोरून फुकट मिळत होती, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नाही असं नाही. आलं की ती दुसऱ्या कोणाला तरी नावं ठेवायला घ्यायची. पाठ दुखायला लागली, संघातून नाव गेलं, आणि शेवटी कोचने तिची बोट एका नव्या पोरीला दिली. शिडी म्हणाली, "द्या. तीही आपटेल."

पुढे दादाच्या ओळखीने ती एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लागली. आयुष्यभर उलटं तोंड करून पुढे गेलेली बाई आता लोकांना सरळ बघून गाडी चालवायला शिकवू लागली. काम तिला मानवलं. शिकवण्याच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकाऊ माणूस घाबरला की तो दाबायचा. शिडीचा पाय त्या ब्रेकवरून कधी हलला नाही. लोक रस्त्यात काय काय करतात हे तिने इतकं जवळून पाहिलं, की माणसांविषयीच्या तिच्या मताला आता पुरावाच मिळाला. बँकेतल्या साहेबांना ती म्हणायची, "आरसा कशाला दिलाय? भांग पाडायला?" शिकणारे घाबरायचे, रडायचे आणि पहिल्याच परीक्षेत पास व्हायचे.

एके दिवशी दुपारी ती स्कूलच्या ऑफिसात आली तर टेबलापाशी एक बाई पाठमोरी उभी होती. जाडसर, साधा कुर्ता, केस पांढरे होऊ लागलेले. शिडी दारातच थांबली. मानेवर डाव्या बाजूला तीळ होता.

बाई वळली. चेहरा ओळखायला शिडीला खरंच वेळ लागला. तो तिने फारसा पाहिलाच नव्हता.

"सासूबाईंना दर आठवड्याला हॉस्पिटलात न्यावं लागतं," महाराणी म्हणाली. "हे कामानिमित्त बाहेर असतात. म्हटलं शिकून घ्यावं. तू इथे असतेस असं कळलं होतं."

"गाडीत ड्रायव्हर नाही का आता?" शिडी म्हणाली.

"तो वडिलांचा होता," महाराणी म्हणाली. चिडली नाही. अजूनही चिडत नव्हती!

गाडीत दोघी शेजारी बसल्या. आठ वर्षं एका बोटीत काढली, पण शेजारी बसायची ही पहिलीच वेळ. महाराणी दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरून बसली होती की जणू ते कोणी पळवणार आहे. गाडी गोगलगायीच्या चालीने बाजारातून, शाळेवरून, पेट्रोल पंपावरून निघाली. शिडी सूचना देत होती, डावीकडे, आरशात बघ, गिअर. पण आत दुसरंच उकळत होतं, आणि पंप मागे पडल्यावर ते बाहेर आलं.

"एक सांग. त्या दिवशी माइकवर चूक माझी म्हणायची काय गरज होती तुला? मोठेपणा मिरवायला?"

"मोठेपणा कसला?" महाराणी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "चूक माझीच होती."

"मी ओढलं म्हणून फिरली बोट. शेवाळबिवाळ काही नव्हतं."

"माहितीय. कळलं होतं मला." तिने सावकाश गिअर बदलला. "मागून असा जोर आला, की मला वाटलं, झालं, हिचा हा शेवटचा दम. आता ही गळणार. म्हणून मी माझा हात आणखी हलका केला. तिथे चुकले. तुझ्याबरोबर ओढायला हवं होतं. माझ्यात होतं तेवढं."

"आणखी हलका?" शिडी म्हणाली. "आणखी म्हणजे?"

"म्हणजे हलका तर मी नेहमीच करायचे ना शेवटी. तुझा हात मऊ पडायचा. मला मागे बघता यायचं नाही, पण तुझा श्वास ऐकू यायचा, असा जड, फुसफुसत. वाटायचं, दमली बिचारी. मग मीही कमी ओढायचे, म्हणजे तुला माझ्याबरोबर राहता येईल." तिने आरशात पाहिलं. "तुला लाज वाटली असती, म्हणून कधी बोलले नाही."

ते फुसफुसणं दमाचं नव्हतं. रागाचं होतं. पण हे आता सांगून काय उपयोग, आणि सांगायचं तरी कोणत्या तोंडाने. शिडी समोरच्या काचेतून पाहत राहिली. शिडीने हात राखला म्हणून ती दमली असं समजून महाराणीने राखला. महाराणीने राखला म्हणून बोट फिरली. बोट फिरली म्हणून शिडीने आणखी राखला. आठ वर्षं दोघी एकमेकींवर उपकार करत होत्या, आणि तेवढ्यावर दोन वेळा रौप्य मिळालं होतं. पूर्ण जोराने त्या बोटीत एकही शर्यत कोणी मारली नव्हती.

"मी दमत नव्हते," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "तुझ्याकडे बोट फिरायची. म्हणून राखायचे."

गाडी आचका देऊन बंद पडली. मागून हॉर्न वाजायला लागले. महाराणीने स्टिअरिंग सोडून पहिल्यांदाच शिडीकडे तोंड वळवलं.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

मागचा टेम्पोवाला खिडकीतून डोकं काढून दोघींच्या बुद्धीविषयी बोलू लागला. एरवी शिडीने खाली उतरून त्याचा पाणउतारा केला असता. आज तिने त्याचं म्हणणं ऐकून घेतलं. कोणाला तरी नावं ठेवायला ती मनातल्या मनात शोधत होती. कोच सापडला, साहेब सापडले, फोटोवाला सापडला, पण कोणाच्याच अंगावर हे बसेना. मापाचं अंग एकच होतं, आणि त्याला आजवर तिने कधी टेप लावली नव्हती.

"वेडी आहेस," महाराणी म्हणाली.

"तू पण."

"मी पण." महाराणीने डोळे पुसले, चाप नीट केला आणि किल्ली फिरवली. गाडी चालू झाली. तिने क्लच अर्धा सोडला, ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन घरघरलं, पण गाडी जागची हलेना. तिने अजून दाबलं. तिने इंजिनाचा आवाज ऐकला, कपाळाला आठी घातली, आणि पूर्वी कधी केलं नव्हतं ते केलं. विचारलं.

"ए, तू ब्रेकवर पाय ठेवलायस का?"

शिडीने खाली पाहिलं.

"हो," ती म्हणाली, आणि पाय उचलला.